कडेला उभ्या माणसांचे फोटो

पौडपासून मुठ्यापर्यंतच्या पट्ट्यात माझ्या बायकोच्या मामांच्या कॅमेऱ्यातून सुटलेला माणूस एक तर जन्माला यायचा होता, नाहीतर रुसून लग्नाला आला नव्हता. पौडच्या एसटी स्टँडसमोर मामांचा फोटो स्टुडिओ. दोन हजार पाचच्या सुमारास तिथे डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर आला, आणि मामांचे पहिले भांडण झाले ते फोटोंना आपोआप पडणाऱ्या नंबरांशी. "माणसाला नंबर? ह्यो काय तुरुंग हाय?" म्हणत ते प्रत्येक फोटोला हाताने नाव देऊ लागले. बरे, नाव नवरा-नवरीचे असेल तर शपथ! "त्यांना समदेच वळखत्यात. कडंचा माणूस लिवाया पायजे." त्यामुळे 'भरे गावचं लग्न, नवरीचा चुलता जिलबीवरून रुसलाय' किंवा 'मुठ्याचं बारसं, मागं डोळं मिटलेली ती कोण, इचारणे' अशा फायली तिथे सुखाने नांदत होत्या. गिऱ्हाईक ताटकळायचे आणि मामा नावात दुरुस्ती करत बसायचे, कारण मधल्या काळात चुलत्याचा रुसवा निघालेला असायचा.

मी पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारा. एका शनिवारी पौडला मुक्कामाला आलो असता मामा लग्नाला गेलेले पाहून मी त्यांच्यावर उपकार करायचे ठरवले आणि एका फटक्यात सगळ्या फायलींची नावे काढून तारीख आणि क्रमांक टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. सकाळी डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी आली. नवरा वारला होता, उद्या त्याचा दहावा, आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"लग्नात पानी वाढायचं त्ये," ती म्हणाली.

"हाय की!" म्हणून मामांनी कॉम्प्युटरवर 'पाणी वाढणारा' शोधला. काहीच निघेना. फायली उघडून बघतात तो नुसते आकडे. मी कबुली दिली. जावयाला बोलायची रीत नाही, म्हणून मामा कॉम्प्युटरलाच बोलले, "माणसं पुसलीस व्हय रं?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"नावं गेली, फोटू कुटं जात्यात? बसा, जावईबापू," मामा म्हणाले. मग आम्ही एकेक फोटो उघडत बसलो. फेटे, पंगती, रुसवे बघता बघता दुपार टळली. म्हातारी बाकड्यावर बसून होती, चहालासुद्धा उठली नाही. अखेर भरे गावातल्या एका मांडवात, वऱ्हाडाच्या अगदी कडेला, हातात पाण्याचा जग घेतलेला एक माणूस दिसला.

"ह्येच," म्हातारी म्हणाली. "हासत्यात बी की!" आणि तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

मामांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "आता तुमीच लिवा. आजे, नाव काय धन्याचं?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला. नवऱ्याचे नाव तिने आजवर तोंडावर आणलेले नव्हते, आणि मामांनाही ते ठाऊक नव्हते. शेवटी फोटोकडे पाठ करून ती हळूच म्हणाली, "धोंडिबा."

मी ते टाइप केले. डोळे भरून आल्यामुळे दोनदा चुकलो.