सीट तेवढं डिझेल

गाडी बंद पडली की माणसं बोलायला लागतात. आमच्या शेलूबाजारच्या जीप स्टँडवरच्या गाड्या पाहता आमच्याकडे किस्से साचले नसते तरच नवल! त्यातले निम्मे एकट्या नामदेवभाऊंचे. स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांचा हिशेब साधा: जेवढ्या सीटा बसल्या तेवढं डिझेल, तेही जाण्यापुरतं. येतानाचं येतानाच्या सीटा पाहतील. आम्ही सगळेच तसं करतो. टाकी फुल्ल करणं हे पैसेवाल्यांचे चोचले.

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, आजारी पडल्यापासून भाऊ त्यांना वरचेवर वाशिमच्या दवाखान्यात नेतात. तेव्हाही वाटेत सीटा घेतात. वहिनी आकसून बसतात आणि जागा करून देतात.

*

भाऊंच्या जीपमधला डिझेलचा काटा कधीचाच मेलाय. निघण्याआधी ते गाडी हाताने हलवतात आणि टाकीतला आवाज ऐकतात. एकदा एका नव्या मास्तरांनी विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते?

"आसेगाव दिसेपर्यंत देते, सर."

सर हसले. पुढे आसेगाव दिसलं आणि गाडी थांबली.

*

इंझोरीचे एक काका भाजीची टोपली घेऊन आमच्याच जीपने येतात. एकदा ते बसने अकोल्याला निघाले. रेल्वे फाटक लागलं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काका गुपचूप उतरले, मागे गेले आणि बसला खांदा लावून उभे राहिले!

कंडक्टरने झापलं तर म्हणाले, "मले वाटलं संपलं."

आम्ही पोट धरून हसलो. नंतर मला स्वतःचीच लाज वाटली. भाडं भरायचं आणि वर धक्काही मारायचा, ही सवय त्यांना आम्हीच लावली.

*

स्टँडवर कुणीतरी मोबाईलमध्ये बातमी दाखवली. एक विमान अर्धं जग पार करून गेलं, मधे कुठे उतरलंही नाही. सगळे डोकी खुपसून बघत होते.

नामदेवभाऊ म्हणाले, "मंग मधात सीटा घेत नसन थे."

*

मंगरूळपीरला एका पुढाऱ्याची सभा होती. माणसं आणायला आमच्या जीपा नेल्या. परतीचं डिझेल सभा संपल्यावर मिळेल, असा शब्द होता. भाऊंनी ते डिझेल दुसऱ्या दिवशीच्या वाशिमच्या फेरीसाठी मनात धरून ठेवलेलं.

पुढारी हेलिकॉप्टरने आला. त्याच्या इंधनाची टाकी मैदानाच्या कडेला उभी होती, भोवती पोलीस. भाषण झालं, टाळ्या झाल्या, हेलिकॉप्टर उडालं. आणि डिझेल देणारा कार्यकर्ता कुठे गेला, देवाला माहीत!

माणसं उन्हात गाड्या ढकलत होती. मी चिडून म्हणालो, एवढा बंदोबस्त त्याच्याच तेलाला कशाला?

भाऊ वर बघत म्हणाले, "त्याले तिथं धक्का माराले कोनी नाही ना बावा. आपल्याले हायेत."

दुसऱ्या दिवशी वहिनी दुसऱ्याच्या जीपमध्ये, दरवाजाला चिकटून, वाशिमला गेल्या. मला अजून राग येतो.

*

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी भाऊंना एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं की नागपूरला मोठी मशीन आहे, एकदा दाखवून घेऊ, लगेच परत येऊ. खरं काय ते फक्त मला सांगितलं आणि सोबत चल म्हणाले.

वहिनी खुशीत होत्या. नागपूर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नवीन लुगडं नेसल्या, शेजारणीकडे कुलपाची किल्ली दिली, पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या. वाटेत दोघांनी हात केला, भाऊंनी गाडी थांबवली नाही. वहिनी त्यावरूनही हसल्या. आज बायकोला एकटीलाच फिरवून राह्यले, म्हणाल्या.

पंप आला. गाडी मधे कुठे अडायला नको, एवढंच भाऊंच्या डोक्यात होतं. खिडकीतून त्यांनी पंपवाल्याला सांगितलं, "फुल्ल कर."

पंपवाल्याने दोनदा विचारून घेतलं. मग मीटर फिरायला लागलं. वहिनी ते बघत राहिल्या. बराच वेळ फिरत होतं. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"डॉक्टरनं तुमाले काय सांगतलं?"