थंडीतलं ॲव्हरेज

आज सकाळी दारासमोर एक ट्रक नुसताच घुरघुरत उभा होता. "अरे, जायचं तर जा की!" मी ओरडले. ड्रायव्हर कानटोपीतून हसला. "आजी, इंजिन तापू दे. थंडीत ॲव्हरेज पडत नाही."

हेच वाक्य मी विसाव्या वर्षी नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. तेही ट्रक चालवायचे. हिवाळा आला की त्यांना डिझेल पुरेनासं व्हायचं. "थंडीत गाडी जास्त पिते," ते सांगायचे, आणि मी शहाणी त्या गाडीच्या काळजीने झुरायची. आईच्या लुगड्यांची गोधडी मी इंजिनावर घालायला दिली. लोखंडाला सर्दी होईल म्हणून हळहळणारी बावळट तुम्ही पाहिली नसेल.

गाडीला दोष नाही. थंडीत ती थोडं जास्त पीत असणारच. खोटं असं खऱ्याला चिकटून बसतं, म्हणून तर ते उबदार लागतं.

त्याच संक्रांतीला मी मावशीच्या गावी गेले. गाव नवऱ्याच्या ट्रकच्या नेहमीच्या रस्त्यापासून चांगलं दहा कोस आत. तिथे एका अंगणात माझी गोधडी वाळत होती. मला आधी वाटलं, कुणी भल्या बाईने धुऊन दिली!

"ही कुणाची हो?" मी अंगणातल्या बाईला विचारलं.

ती लाजली. "आमच्या ह्यांची. त्यांना थंडी अजिबात सोसत नाही."

डिझेल कुठे जात होतं, ते तेव्हा कळलं.

"आमच्या ह्यांनाही नाही," मी म्हणाले, आणि ओली गोधडी दोरीवरून ओढून खांद्यावर टाकली.