विमान आलं की उभं राहायचं

साकोलीला एसटीतून उतरले, तेव्हा गुडघ्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. कोलकात्याहून नागपूर, मग भंडारा, साकोली, आणि आता रिक्षाने एकोडी. हौस माझीच, तक्रार कोणाकडे करणार!

मोबाइलमध्ये एक फोटो होता. सिंगापूरच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर कोरलेलं वसंताआजोबांचं नाव. माझ्या आजोबांचे हे धाकटे भाऊ लढाऊ विमान चालवायचे. महायुद्धात शौर्यपदक मिळवलं आणि ब्रह्मदेशात लढताना गेले. त्यांची बहीण यमूआत्या, म्हणजे बाबांची आत्या, आता नव्वदीची आहे. मी सिंगापूरला निघाले तेव्हा तिने एकच सांगितलं होतं, "दादाच्या समाधीवर माह्या वतीनं डोकं ठेवून ये." समाधी नव्हतीच. ज्यांचा देहही सापडला नाही, त्यांची नावं त्या भिंतीवर आहेत. हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही.

एकोडीला आत्याच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "रोवणा (भाताची लावणी) सुरू आहे ना वो! आत्या बांधीत (धानाच्या शेतात) जाऊन बसली." वाटेत चिखलाने माझी एक चप्पल गिळली, ती परत दिलीच नाही.

आत्या धुऱ्यावर (बांधावर) खुर्ची टाकून बसली होती. समोर बाया ओळीने वाकून पऱ्हे (भाताची रोपं) लावत होत्या.

"आधी जेव. मंग सांग," आत्या म्हणाली.

भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. तेवढ्यात वर घरघर झाली. गोंदियाकडून शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान आलं. सगळ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या आणि वर पाहू लागल्या. विमान दिसेनासं झालं, तशा पुन्हा वाकल्या.

"हे काय गं, आत्या?"

"लढाईवर जाच्या आधी दादानं गावावरून इमान नेलं. दोनदा फिरवलं. माय इथंच रोवत होती. म्हणे, एवढी ओळ होऊ दे, मंग पाहीन. मान वर केली तवा इमान गेलं होतं. मंग मरेपर्यंत बायाइले सांगे, इमान आलं का उभ्या राहा."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फोटो दाखवला. "समाधी नाही गं. नुसतं नाव आहे. ते सापडलेच नाहीत, विमानही नाही." रडू मलाच फुटलं.

ती काचेवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे तो खाली उतरलाच नाई?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग मायचं वर पाहणं फुकट नाई गेलं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून रडली. बाया ओळ सोडून तिच्याभोवती आल्या.

परतीचं विमान नागपूरहून पूर्वेला वळलं. ढगांच्या फटीतून वैनगंगा दिसली, मग तळी, मग हिरव्या बांध्या. त्यातली एकोडी कुठली, देव जाणे. मी खिडकीशी हात हलवला.

शेजारचे गृहस्थ हसले. "कोणी ओळखीचं आहे का खाली?"

"घरचीच आहेत," मी म्हटलं.

वसंताआजोबांनीही असाच हात हलवला असेल. आणि खाली मायची एक ओळ पुरी व्हायची होती.