कोकराची मात्रा

“हिचं बरं हाय. टेकली की डोळा लागतो. भाकरी आम्ही थापायच्या, आन् झोपा हिनं काढायच्या.”

कोंडाबाईची ही कुरकूर साळूबाईच्या कानाला अगदी खेटून होते. या वहिनीची चूल तिच्या उशापाशीच आहे. दुपार कलती आहे, बाभळीची सावली विरळ आहे आणि काढणी झालेल्या रानात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी आहेत. ‘झोपले कुठं, ऐकतीय की,’ असं साळूबाई म्हणायला जाते, पण जीभ जडावते. भाकरी थापल्याचा आवाज लांब जातो, मग आणखी लांब.

“साळे, झोपलीस व्हय?”

समोर मायाप्पा. तिचा धाकटा भाऊ, दिवाळीआधी तापानं गेलेला.

“तू दिसतोयस म्हंजी झोपलेच असंन.”

तो हसतो. अंगात बंडी, डोक्याला लाल पटका, खांदा मात्र मोकळा.

“घोंगडं कुठाय तुझं?”

“तुमच्यापाशीच ऱ्हायलं.”

मायाप्पाला कुणी शाळेत घातलं नव्हतं. तळ आज इथं तर उद्या तिथं, शाळा कुठली गाठायची? वाटेवरचे मैलाचे दगड आणि यष्टीच्या पाट्या बघून, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून तो वाचायला शिकला. मग त्यानं साळूबाईला शिकवलं आणि पुढं थोरल्या भावाच्या हौसाला आणि बाकीच्या पोरांना. पोरं त्याला काका नाही, दादाच म्हणायची. पाटी म्हणजे मेंढरं. खुणेचा गेरू होताच, त्यानं एकेका मेंढीच्या पाठीवर एकेक अक्षर काढलं. मेंढीच्या मागं कोकरू चाललं की तो काना. मेंढरं पाण्याला निघाली की पोरं शेजारून पळत, जुळतील ते शब्द मोठ्यानं वाचत. कधी ‘काका’ जुळायचा, कधी ‘मका’, आणि कधी असं काही की कोंडाबाई मेंढरांनाच शिव्या द्यायची.

“चारा कसा हाय तिकडं?” साळूबाई विचारते.

“लई. पर एक पाटी न्हाई बघ कुठं. वाचायला काय बी न्हाई.”

रान आता यष्टीचा थांबा झालं आहे. मेंढ्या फलाटावर ओळीनं उभ्या आहेत आणि मायाप्पा कंडक्टरच्या जागेवर मांडी घालून बसला आहे. साळूबाईला यात वावगं काही वाटत नाही. तिकिटाला सुटे नाहीत, एवढीच तिला काळजी.

“पोरं काय वाचत्यात?”

“काय न्हाई. कातरणीत अक्षरं गेली. मी पुन्यांदा काढते म्हणलं तर हौसा गेरूला हात लावू देत न्हाई. म्हणती, दादा आल्यावर.”

“कोण म्हणालं मी येणार म्हणून?”

साळूबाई पदराचं टोक चाळवत राहते. तळ हलायच्या आधी कुणीतरी चारापाणी बघायला म्होरं जातं. ते काम नेहमी मायाप्पाचंच. तो गेल्यावर ती दवाखान्यातून परत आली आणि पोरांनी विचारलं, तेव्हा “म्होरं गेलाय” हे तिच्या तोंडातून सहज निघालं होतं. तेव्हापासून दर नव्या तळावर पोरं आधी बांधावर चढून त्याला शोधतात.

मायाप्पा उठतो. ‘द’ची मेंढी पुढं घेतो, मागं कोकरू लावतो. तिच्यामागं तसंच आणखी एकदा.

“वाच.”

“दादा.”

मग तो ‘म’ची मेंढी आणतो, एक कोकरू उचलून तिच्या पाठीवर ठेवतो. ही मात्रा. ‘ल’ची मेंढी मागं आपल्या कोकरासकट उभीच आहे. पाठीवरचं कोकरू घसरतं. तो पुन्हा ठेवतो.

“राहू दे, मायाप्पा. पडंल ते.”

“वाच की.”

“मला न्हाई येत.”

“आगं, मीच शिकिवलंय तुला. येत न्हाई का वाचायचं न्हाई?”

कोकरू पुन्हा घसरतं. तो ते पोटाशी धरतो, दुसऱ्या हाताचं बोट गेरूत बुडवतो आणि तिचा तळवा उघडतो. बोट गार लागतं.

“हलवू नगंस आत्या. वलं हाय.”

बाभळीखाली हौसा तिचा हात मांडीवर घेऊन बसली आहे. शेजारी वाटीत गेरू कालवलेला. तळव्यावर लाल, ओल्या, वाकड्या अक्षरांत दोन शब्द. साळूबाई ते वाचते.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाई.” हौसा घोड्यावरच्या बोजाकडं बघते. “त्याचं घोंगडं तिथं हाय. म्होरं जाणारा घोंगडं ठिवून जातुया व्हय? तुम्ही बोलंनात, म्हणून मी बी बोलले न्हाई. लिवलं.” मग हळूच, “मात्रा बरोबर दिलीया का बघ.”

चुलीपाशी भाकरी थापायची थांबते. कोंडाबाईला अक्षर येत नाही.

“काय लिवलंय गं पोरीनं?”

मूठ मिटली तर गेरू फिसकटेल. साळूबाई तळवा तसाच उघडा धरते.

“दादा मेला,” ती मोठ्यानं वाचते. “आन् मात्रा बी बरोबर हाय.”