ती साल, ते साल

क्षितिजा खानझोडे हिचे आजोबा राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. तिसऱ्या पिढीपर्यंत घरातली मराठी टिकली. तिच्या कडा मात्र हिंदीत मिसळून गेल्या. बाहेर बोलताना कोणता शब्द कोणत्या भाषेचा, हे तपासून पाहण्याची गरज या कुटुंबाला फारशी पडली नाही. ऐकणारा अर्थ लावून घेत असे.

क्षितिजा सीहोरच्या रस्त्यावरील एका लहानशा वाइनरीत काम करते. तिचे वडील काशिनाथ, निवृत्त कारकून, शाहपुऱ्यातील शेजाऱ्यांना ‘मुलगी रसाच्या कारखान्यात आहे’ असे सांगतात. स्वतः वैद्याने दिलेले द्राक्षासव ते जेवणानंतर नेमाने घेतात आणि त्याला औषध म्हणतात.

वाइनरीच्या मालकीण अमृता सक्सेना यांनी क्षितिजाला एका वर्षाच्या बोलीवर ठेवले होते. तिथे तोवर केवळ पांढरी वाइन होत असे. वर्षभरात क्षितिजाने चांगली लाल करून दाखवायची; जमली तर नोकरी कायम, नाही तर दुसरे कोणी.

लाल आणि पांढरी यांतला भेद द्राक्षाच्या रंगाचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर फिकटच असतो. रंग राहतो तो सालीत. जिभेला जाणवणारा तुरटपणाही बराचसा साल आणि बिया यांचाच. पांढरीसाठी द्राक्षे आधी पिळतात, चोथा बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. लालसाठी ठेचलेली द्राक्षे सालीसकट आंबवतात. साली वर तरंगतात, त्या पुन्हापुन्हा खाली दाबाव्या लागतात, आणि रस हळूहळू त्यांचा रंग घेतो. पिळायचे दोन्हीकडे असते. क्रम तेवढा उलटा.

रतलामकडची काळी द्राक्षे ज्या दिवशी आली, त्या दिवशी काशिनाथरावांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. क्षितिजा साकेत नगरच्या रुग्णालयात बसली होती. तिथून तिने मुकादम श्यामला फोन केला. श्याम आधी सरबताच्या कारखान्यात होता. त्याने पांढरी होताना पाहिली होती, लाल पाहिली नव्हती.

“श्यामभैया, ध्यान से सुनिए. सफेद में साल नहीं चाहिए. लाल में साल चाहिए, पूरी.”

“पूरी साल, मॅडम?”

“पूरी. बिलकुल मत निकालना.”

“समझ गया. आप बाबूजी को देखिए.”

हिंदीत सालीला छिलका म्हणतात आणि साल म्हणजे वर्ष, तेही पुल्लिंगी. मराठीत दोन्ही अर्थ आहेत, फक्त लिंग वेगळे: ती साल, ते साल. क्षितिजाचे ‘पूरी’ हे स्त्रीलिंग खरे तर सूचक होते. परंतु मराठी माणसांची हिंदी लिंगापाशी अडखळते, हा श्यामचा अनुभव होता. त्याने मनातल्या मनात तिचे ‘पूरी’ दुरुस्त करून ‘पूरा’ केले, आणि त्या दुरुस्तीबरोबर अर्थही गेला. लाल वाइन वर्षभर ठेवायची, मुरेल तसा रंग चढेल, लोणच्याला चढतो तसा, असे त्याला वाटले. वर्षभर बिलकुल काढायची नाही, हेही त्यात नीट बसले. त्याने नेहमीप्रमाणे द्राक्षे पिळली, रस टाकीत भरला, टाकीवर खडूने ‘एक साल’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी क्षितिजाने टाकीचे झाकण उघडले. आत कांद्याच्या पापुद्र्याच्या रंगाचा रस होता.

“साल कुठे?” ती मराठीतच म्हणाली.

श्यामने टाकीवरच्या खडूच्या अक्षरांकडे बोट दाखवले.

“ये नहीं. छिलका. छिलका कहाँ है?”

“वो तो सुबह डेअरी वाला ले गया. भैंसों के लिए.” मग तो म्हणाला, “मॅडम, छिलका बोलना था तो छिलका बोल देतीं. हम तो आपकी ग्रामर सुधार रहे थे.”

चोथा असता, तर रसात परत घालून काही प्रमाणात रंग मिळवता आला असता. तेवढी द्राक्षे त्या हंगामात पुन्हा मिळणार नव्हती. क्षितिजाने तो रस पांढरीसारखाच थंड ठेवून आंबवला आणि अमृता सक्सेनांना त्याच दिवशी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, चाखल्याशिवाय बोलणार नाही.

बोलीचे वर्ष संपता संपता त्यांनी पेला उजेडात धरला. वाइन फिकट होती, गुलाबीची नुसती झाक. त्यांनी दोन घोट घेतले.

“श्याम का नाम लेंगी आप?”

“नहीं मॅडम. शब्द मेरा था.”

“चीज बुरी नहीं है. बिक जाएगी. पर आपको इसके लिए नहीं रखा था.” त्यांनी पेला खाली ठेवला. “लाल मैंने अभी देखी ही नहीं, तो पास-फेल क्या करूँ? एक साल और लीजिए. इन्हीं शर्तों पर.”

‘इन्हीं शर्तों पर’ म्हणजे नोकरी कायम नाही, हे क्षितिजाला कळले. तिने होकार दिला. बाहेर श्याम टाकी धूत होता. खडूची अक्षरे त्याने अजून पुसली नव्हती.

संध्याकाळी काशिनाथराव नव्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचत होते. साल आणि छिलक्याचा घोटाळा तिने त्यांना तेव्हाच सांगितला होता.

“बाबा, एक साल मिळालं.”

त्यांनी पान उलटले. “मिळालं की मिळाली?”

“मिळालं,” ती म्हणाली. “मिळाली का, ते पुढच्या हंगामात सांगीन.”