मॅटवरचं तेल

सेफ्टी जजच्या हातात एक छोटा लाल झेंडा देतात. तो वर केला की गाणं बंद होतं, मॅटवरच्या मुली थांबतात आणि झेंडा कुणी वर केला ते बघायला सगळं सभागृह वळतं. मला या शेवटच्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती होती.

चीअरलीडिंगची विभागीय स्पर्धा अमरावतीला होती. मी अकोल्याची. जजची परीक्षा पास झाल्यावरचं हे माझं पहिलंच काम. घरी मावशी आलेली होती. मी बॅग भरत असताना तिने विचारलं, "म्हंजे ते क्रिकेटात नाचतात त्या पोरी? तू त्यायले मार्क देतं काय व?"

मार्क देणारे जज वेगळे असतात, ते ताल आणि एकसारखेपणा बघतात, मी फक्त कुणी पडणार तर नाही ना एवढं बघणार, असं मी सांगितलं. मावशी म्हणाली, "पडाची भीती आहे तं चढवताच काहून?"

इंग्रजी शाळेत असताना मीही या खेळात होते, पण वर कधी चढले नाही. वर चढते ती फ्लायर. तिचे पाय हातांवर पेलतात त्या दोघी बेस. आणि त्यांच्या मागे उभी राहून फ्लायरवरची नजर हलू न देणारी, ती घसरली तर डोकं आणि मान सांभाळणारी, ती बॅकस्पॉट. मी उंच होते आणि बोलायचे नाही, म्हणून मला मागे ठेवलं. मला ती जागा आवडायची. तिथे प्रेक्षकांना आपला चेहरा दिसत नाही.

मला मागे उभं करणारे सर आता अमरावतीत होते आणि या स्पर्धेचे यजमानही तेच. स्पर्धेला राज्य संघटनेची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी किती खेटे घातले होते ते मला माहीत होतं. मान्यता नसेल तर मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच. मान्यता असेल तर मुलींना दहावीला खेळाचे गुण मिळतात, आणि पहिले दोन संघ राज्यस्तरावर जातात. मान्यतेच्या अटींमध्ये मॅट कशी असावी हे होतं, डॉक्टर हजर असावा हे होतं, आणि सेफ्टी जज असावा हेही होतं. जागेत दोष आहे असं त्या जजने म्हटलं, तर पुढच्या वर्षीची मान्यता अडचणीत येणार. म्हणजे मी झेंडा वर केला तर तो सरांच्याच अंगावर जाणार. बडनेरा येईपर्यंत बसमध्ये मी हाच विचार करत होते.

मुख्य जज पुण्याच्या एक मॅडम होत्या. सकाळी सगळ्या जजना एकत्र बसवून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "शंका आली की थांबवायचं. खात्रीची वाट बघत बसायचं नाही." मी मान हलवली. मी मान फार पटकन हलवते, लोकांना वाटतं मला समजलं.

तेवढ्यात शेंदूरजनाघाटच्या संघाचे सर हसत आत आले. त्यांनी जजच्या टेबलावर एकेक संत्रं ठेवलं. "आमच्याकडचं आहे, लाच नाही बापा. सगळ्याइले देऊन राहिलो." सगळे हसले. मी ते संत्रं घ्यावं की नाही या काळजीत ते टेबलाच्या अगदी कडेला सरकवलं. तो संघ पहिल्यांदाच मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरत होता. त्यांच्याकडे मॅट नव्हती. संत्र्याच्या पेट्यांत घालतात ते तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पोत्यांत भरून, ती पोती जोडून अंथरायची आणि त्यावर सराव करायचा, असं त्यांच्या सरांनीच अभिमानाने सांगितलं.

उद्घाटन व्हायला उशीर झाला, कारण पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलन मॅटच्या उजव्या बाजूला होतं. फोटो झाले, भाषणं झाली, पाहुणे गेले. मग ध्वनिवाल्याने सांगितलं की समई आहे तिथे त्याला स्पीकर ठेवायचा आहे. दोन स्वयंसेवक मुलांनी समई उचलली. खेळणाऱ्या मुलींचे खास बूट सोडून मॅटवर कुणाचेही चपला-बूट चालणार नाहीत हे सरांनी सकाळपासून त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. म्हणून त्यांनी बूट काढले, नीट जोडीने कडेला ठेवले, आणि पेटती समई दोन्ही बाजूंनी धरून मॅटवरून आडवे चालत पलीकडे नेली. चालताना ती कलली.

आमच्याकडे विहारात कार्यक्रमाला मेणबत्त्या लावतात. मेण फरशीवर पडू नये म्हणून आई खाली ताटली धरते, आणि लहानपणी ती धरायचं काम माझं होतं. त्यामुळे ज्योत जागेवरून हलली की माझी नजर आपोआप तिच्या खाली जाते. मला थेंब दिसले. मॅटच्या डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, दिव्यांखाली चमकणारे.

मी त्यातल्या एका मुलाला खुणेने दाखवलं. त्याने खिशातला रुमाल काढून घासून पुसलं. चमक गेली. पण कोरड्या रुमालाने तेल जात नाही, पसरतं. मी सरांकडे गेले.

"सर, मॅटवर तेल सांडलंय. डावीकडे, मागे."

"पुसलं ना त्यानं?"

"कोरडंच पुसलं."

"बेटा, आधीच उशीर झाला आहे. पोट्ट्या सकाळपासून उपाशी बसून राहिल्या." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि आवाज मऊ केला. "दिव्याचं तेल आहे. शुभच असते ते."

शेजारी उभ्या असलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "समईनं कोणाचं वाईट होत नसते हो मॅडम." बोलताना त्यांची नजर माझ्या बॅजवर, आडनावावर गेली असं मला वाटलं. कदाचित गेली नसेल. पण आता मी तेल म्हटलं तरी लोकांना समई ऐकू येईल, आणि समई म्हटलं की माझं आडनाव. मुख्य जजना सांगायचं ठरवून मी वळले, तर पहिल्या संघाचं नाव पुकारलं गेलं होतं आणि मला माझ्या खुर्चीत बसणं भाग होतं.

पहिला संघ त्या कोपऱ्याकडे गेलाच नाही. दुसरा गेला, नाचत गेला, नाचत परत आला. काही झालं नाही. माझ्या तळहाताला घाम सुटून झेंड्याची काठी ओली झाली होती. मला वाटलं, आपण उगाच घाबरतो. घरीही गॅस बंद केला का ते बघायला मी परत जाते आणि तो नेहमी बंदच असतो.

तिसरा संघ शेंदूरजनाघाटचा. गाणं सुरू झालं. मुली छान होत्या, जरा जास्तच हसत होत्या. त्यांचा मनोरा नेमका डाव्या बाजूला, मागे रचायचा होता. तिथे त्या जमू लागल्या तशी मी फ्लायरकडे बघायचं सोडून बॅकस्पॉटकडे बघू लागले. माझी ती जुनी सवय. ही मुलगी उंच होती, वेणी घट्ट बांधलेली. तिने जागा घेतली, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून उजव्या बुटाचा तळ डाव्या पोटरीवर पुसला. मग पाय टेकवला. मग पुन्हा उचलून पुसला.

ही नाचातली हालचाल नव्हती. पायाखाली काहीतरी आहे हे कळलेलं माणूस असं करतं.

बेसनी गुडघे वाकवले. फ्लायरने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. मी झेंडा वर केला.

गाणं थांबलं. फ्लायरचा एक पाय हातांवर होता, तो तिने खाली घेतला. काहीच घडलं नव्हतं. कुणी पडलं नव्हतं, कुणी हललंसुद्धा नव्हतं, आणि म्हणूनच ती शांतता भयंकर होती. मग मागून आवाज आला, "काय झालं बे?" आणि दुसरा, "काही नाही, मॅडमचा हात अवघडला असन." हशा पिकला.

कारण माइकवर सांगावं लागतं, असा नियम आहे. माइक माझ्या हातात आला तेव्हा मला फक्त इंग्रजी आठवत होतं. अमरावतीत भरल्या सभागृहात इंग्रजी बोलले तर काय होईल तेही कळत होतं. मी म्हणाले, "मॅटवर तेल आहे." एवढंच. माझा आवाज स्पीकरमधून माझ्याकडे परत आला तेव्हा तो कुणा लहान मुलीचा वाटला.

मुख्य जज उठून त्या जागेवर गेल्या. त्यांनी बूट काढला, पायाने मॅट दाबून पाहिली, एकदा, मग थोडं सरकून पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "धुवून घ्या. संघ विश्रांती घेऊन सुरुवातीपासून करेल. गुण कापायचे नाहीत."

ज्यांनी समई नेली होती त्याच मुलांनी साबणाच्या पाण्याने कोपरा धुतला आणि कोरडा केला. ते काम चाललं होतं तोवर शेंदूरजनाघाटच्या मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्या हसत नव्हत्या. फ्लायर नखं खात होती. मी झेंडा वर केला तेव्हा त्यांच्या डोक्यात पडण्याचा विचार नव्हता. आता तो मीच तिथे नेऊन ठेवला होता.

त्यांनी सुरुवातीपासून सगळं केलं. मनोरा रचला गेला, कुणी घसरलं नाही. पण वर गेल्यावर फ्लायरचा गुडघा थरथरला आणि शेवटची मुद्रा पूर्ण न धरताच ती खाली आली. निकालात त्यांचा तिसरा नंबर आला. राज्यस्तरावर दोनच संघ जाणार होते, आणि दुसऱ्या नंबरात व तिसऱ्यात अंतर फार नव्हतं.

त्यांचे सर सरळ माझ्या टेबलाशी आले. सकाळचं हसू गेलं होतं.

"कुठं होतं तेल? दाखवा मले."

"धुतलं सर."

"धुतलं. म्हंजे आता काहीच दाखवता येत नाही." ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "दोन टीम त्याच मॅटवर नाचून गेल्या तवा तेल नव्हतं? आमी आलो अन् तेल आलं? पोरी रडून राहिल्या तिकडं. यायनं सुट्टीत होस्टेलातून घरी जाणं सोडलं होतं यासाठी."

मी सरांकडे, माझ्या सरांकडे पाहिलं. ते थोड्या अंतरावर वायर गुंडाळत उभे होते आणि वायरकडेच बघत होते. पुण्याच्या मॅडम त्यांना आधीच बाजूला घेऊन मान्यतेबद्दल काहीतरी बोलल्या होत्या. त्या मध्ये आल्या आणि म्हणाल्या, "निर्णय माझाही आहे." त्या म्हणाल्या म्हणून ते गृहस्थ गेले, पटलं म्हणून नाही.

त्यांचं म्हणणं मला रात्रीपर्यंत छळणार हे मला तेव्हाच कळलं. थांबवलं नसतं आणि कुणी पडलं असतं, तर मी बरोबर होते हे दिसलं असतं. थांबवलं म्हणून आता ते कधीच दिसणार नव्हतं.

मी मागच्या पडवीत पाण्याच्या जारशी जाऊन उभी राहिले. ग्लास अर्धाच भरला. तिथे ती उंच बॅकस्पॉट मुलगी आली. डोळे लाल, पण रडणं संपलेलं. तिने पाणी घेतलं, पण प्यायली नाही.

"ताई, तुमी मले पाहून राहिल्या होत्या न?"

"हो."

"मी बूट पुसला, ते दिसलं?"

"दिसलं."

तिने दाराकडे एकदा बघून घेतलं. "आधी नाचताना तिथं गेली होती मी, तवाच पाय सटकला होता. जरासा. मले वाटलं, सांगितलं तं सर म्हणतील नाटकं करते." मग घाईने म्हणाली, "सरांले सांगू नका, ताई. पोरी म्हणतील हिच्याच पायी गेलं सारं."

मी काही बोलायच्या आत पावलं वाजली. तिचेच सर आले. त्यांच्या हातात संत्र्यांचं रिकामं पोतं होतं आणि आवाज खाली आलेला होता. ओरडण्यापेक्षा तो मला जड गेला.

"मॅडम, जरा जास्त बोललो मी. पण एक खरं सांगा. आमच्या कोण्या पोरीचा पाय घसरताना पाहिला काय तुमी? तसं असन तं माहं काही म्हणणं नाही. मीच सगळ्याइसमोर येऊन सांगतो, की मॅडम बरोबर होत्या."

मुलीने ग्लास तोंडाला लावला आणि तिथेच धरून ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. सभागृहात अजून लोक होते. माझे सर होते, त्या शिक्षिका होत्या, हसणारी पोरं होती.

"नाही सर," मी म्हणाले. "कुणाचा पाय घसरताना मी पाहिला नाही. तेल होतं, म्हणून थांबवलं."

"म्हंजे नुसत्या शंकेवर."

"हो."

त्यांनी मान हलवली, जीप आली म्हणून मुलीला चलायला सांगितलं आणि ते निघाले. ती पाणी ओतून, ग्लास जारवर पालथा घालून त्यांच्या मागे गेली. दाराशी ती वळली नाही. मी पाणी संपवलं आणि जजच्या टेबलाकडे परत गेले. संत्रं अजून कडेलाच होतं. मी ते उचलून बॅगेत टाकलं.