डावा हात

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिला तर मी प्रबंधाची परिशिष्टंसुद्धा वाचून दाखवली होती.

मग आताच का? परवा वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला माझ्या घरी दोन तरुण प्राध्यापक आले. माझा सत्कार करायचाय म्हणाले. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण: 'शिक्षक म्हणून मी कोण?' तेव्हापासून घरातल्या घरात नुसता फिरतोय.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. आर्वी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचो आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायचो. नुसत्या व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरांतून मुलं जास्त शिकतात, हे मला सिद्ध करायचं होतं. खरं तर शोधायचं होतं—पण तेवढा धीर कोणाला होता?

नागपूरहून मार्गदर्शक तास पाहायला येणार होते. मागच्या बाकावर बसून ते हात मोजणार—कोणत्या प्रश्नाला किती मुलं हात वर करतात. म्हणून आदल्या दिवशी मी वर्गाला बी.एड.च्या नमुना पाठांतली जुनी युक्ती सांगितली. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. मी उजव्यांनाच विचारेन. मुलं हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात हातांचं अमाप पीक आलं. मार्गदर्शक इतके खूश झाले की स्वतःच उठले आणि पुष्पाकडे बोट करून म्हणाले, "तू सांग."

पुष्पा रोहण्याहून यायची. समजलं नाही तर तसं तोंडावर सांगायची. माझ्या पद्धतीला काही पुरावा असलाच, तर ती एकटी.

ती उभी राहिली. "मले नाई येत, सर."

"मग हात कशाला वर केला?"

"सरांनीच सांगतलं व्हतं ना. ज्याले येत नाई त्यानं डावा हात वर कराचा म्हून."

इथे मी नेहमी थांबतो. हसून मान्य करता आलं नसतं का? फार तर एक तास वाया गेला असता. फार तर प्रबंध वर्षभर लांबला असता. मी काय केलं? वर्गाकडे वळलो आणि अगदी शांतपणे विचारलं—"मी असं सांगितलं होतं का रे?"

देशातली आणीबाणी उठली होती. माझ्या वर्गातली नव्हती.

"नाई, सर." एका सुरात. तिच्या शेजारची मैत्रीणसुद्धा.

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं नाही—वर्गाकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. "खोटं बोलू नये. बस खाली." हो, हेही मीच म्हणालो.

ती वर्षभर येत राहिली. पासही झाली. माझ्या तासाला मात्र तिने पुन्हा हात वर केला नाही—ना डावा, ना उजवा. प्रबंधात मी लिहिलं: ग्रामीण विद्यार्थिनी संकोचामुळे वर्गात बोलत नाहीत. परीक्षकांना हे निरीक्षण फार मार्मिक वाटलं.

परवाच्या त्या दोघांपैकी एकाने ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. निमंत्रणपत्रिकेवर तेच छापायचं आहे, म्हणाला. चालेल ना, सर?

मी मान डोलावली.